आपोआप सरकलेला माग

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, माग अंगावर येऊन महादेवप्पा गेला. हे एकदा सांगून टाकलं. आता ते झालंच नाही असं धरून पुढं जाऊ, कारण एप्रिलच्या पहिल्या रविवारी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका हॉलमध्ये सुरक्षेच्या वर्गाची हजेरी सुरू होती आणि हजेरीपटानंही तसंच धरलं होतं.

"महादेवप्पा," पायल मॅडमनी नाव वाचलं.

हॉलमध्ये बावीस माणसं होती. सगळी, यंत्रं एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणारी. कुणी माग हलवत होतं, कुणी बॉयलर, एक जण फक्त लिफ्टच्या मोटारी.

"महादेवप्पा आले नाहीत का?"

"येतोय," मागच्या बाकावरून बडेसाब म्हणाले.

शेजारी बसलेल्या बिरुदेवनं त्यांच्याकडं बघितलं. मग भिंतीकडं बघितलं. भिंतीवर हेल्मेट घातलेल्या एका हसऱ्या माणसाचं चित्र होतं.

"चाचा, कुटनं येतोय?" बिरुदेव हळू आवाजात म्हणाला.

"मग काय सांगू? एवढी सगळी मानसं बसल्यात."

शेवटी बिरुदेवच उभा राहिला. "मॅडम, ते वारलं. नाव कमी करा."

पायल मॅडम चोवीस वर्षांच्या होत्या आणि हा त्यांचा पहिलाच वर्ग होता. त्यांनी पेन उचललं, परत ठेवलं. "यादी वरून आलीय. नाव कमी करायचं असेल तर अर्ज लागतो. अर्ज उमेदवारानं स्वतःच्या सहीनं..." इथपर्यंत आल्यावर त्यांना आपलंच वाक्य ऐकू आलं. "मी गैरहजर मांडते," त्या म्हणाल्या.

त्याचं असं झालं होतं, की नावं फेब्रुवारीतच गेली होती. तेव्हा हा वर्ग ज्याच्या त्याच्या मर्जीवर होता. मार्चमध्ये महादेवप्पा गेला, आणि कारखानदारांनी बैठक घेऊन ठरवलं, की वर्ग करून कार्ड घेतल्याशिवाय कुणी यंत्राला हात लावायचा नाही. म्हणजे हॉल भरला होता तो महादेवप्पामुळं, आणि तोच तेवढा गैरहजर होता. चौथ्या रविवारनंतर त्याच्या मोबाइलवर 'आपली उपस्थिती समाधानकारक नाही' असा मेसेजही गेला. मोबाइल मुक्ताबाईंकडं होता, त्याच्या बायकोकडं. त्यांनी तो शेजारच्या मुलीकडून वाचून घेतला आणि पुसून टाकायला सांगितला.

बडेसाबांची टोळी चौघांची. महादेवप्पा पहारीवर, बिरुदेव आणि ईरप्पा दोरावर, आणि बडेसाब पाचरीवर. जुना यंत्रमाग शेडमधून काढून ट्रकमध्ये चढवायचा म्हणजे जाड फळ्या तिरप्या लावायच्या, पहारीनं मागाला खालून चार बोटं वर रेटायचं, दोर ताणून धरायचा, आणि माग परत खाली येऊ नये म्हणून त्याच्या पायाखाली बाभळीची पाचर सरकवायची. मग दम खायचा. मग पुन्हा चार बोटं.

माग पुढं जाताना सगळ्यांना दिसतो. तो मागं येत नाही, हे कुणाला दिसत नाही. तीस वर्षं बडेसाबांचं काम हे असं होतं, की ते नीट झालं तर काहीच व्हायचं नाही. महादेवप्पा चेष्टा करायचा, "आमी घाम गाळतो अन् हा लाकडाचा तुकडा घिऊन फिरतोय. पगार मात्र बरोबरीचा."

"मग तू घे की पाचर. दे हिकडं पहार."

"नको बाबा. तुज्या पाचरीवर तू हाईस म्हनून मी मागाखाली उभा ऱ्हातो."

पायल मॅडमनी टेबलावर डस्टर ठेवला.

"हा डस्टर नुसता पडलाय. याच्यावर किती बलं आहेत?"

"एक बी न्हाय," ईरप्पा म्हणाला. "निवांत पडलाय."

"दोन आहेत. पृथ्वी खाली ओढतेय, टेबल वर रेटतंय. दोन्ही सारखी, म्हणून काही होत नाही. याला संतुलित बलं म्हणायचं. काही होत नाही म्हणजे तिथं बल नाही, असं समजायचं नाही."

"आमच्या घरासारकं," लिफ्टच्या मोटारीवाला म्हणाला. "मी हिकडं वडतो, बायको तिकडं. भांडन हाय तितंच."

हॉल हसला. पायल मॅडमही हसल्या, आणि त्यांना जरा धीर आला. त्यांनी एक फळी घेतली, तिच्यावर डस्टर ठेवला आणि फळी हळूहळू एका बाजूनं उचलली. डस्टर बसून राहिला.

"आता हा खाली का येत नाही? तर स्थितिक घर्षण. डस्टर आणि फळी जिथं टेकलीत तिथं ते असतं. हे ठरावीक नसतं. थोडं ओढलं तर थोडंच अडवतं. जास्त ओढलं तर जास्त अडवतं. जितक्यास तितकं. पण त्याला एक मर्यादा असते, आणि ती ओलांडली की सुटतं." त्यांनी फळी आणखी उचलली. डस्टर घसरून ईरप्पाच्या पायाशी पडला. "आणि एकदा सुटलं की घर्षण आधीपेक्षा कमी होतं. म्हणून थांबलेलं धरणं सोपं असतं, सुटलेलं धरणं अवघड."

बडेसाब पुढं सरकून ऐकत होते. जितक्यास तितकं अडवायचं, एक बोट जास्त नाही, हे ते पाचर घेऊन जन्मभर करत आले होते. त्याला नाव आहे, ते पुस्तकात आहे, आणि ते शिकवायला एक पोरगी येते, याचं त्यांना नवल वाटलं. महादेवप्पाला हे सांगायला हवं, असंही मनात येऊन गेलं.

मग त्यांनी हात वर केला. असा हात त्यांनी चौथीनंतर पहिल्यांदाच वर केला होता.

"मॅडम, आन् आपोआप सरकलं तर?"

"आपोआप काहीच सरकत नाही, चाचा."

"सरकतंय की. कागदावर हाय तसं."

"थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते. सरकली म्हणजे काहीतरी बदललेलं असतं."

"काय काय बदलू शकतंय?"

पायल मॅडमनी बोटं मोजली. "वजन वाढलं. उतार वाढला. कुणी धक्का दिला. नाहीतर जिथं टेकलंय तिथं काही बदललं, ओलं झालं, तेलकट झालं. चारच."

"पाचवं?"

"पाचवं नसतं."

"लिवून द्या," बडेसाब म्हणाले.

कागदावर 'आपोआप' होतं, हे खरं होतं. ज्या दिवशी महादेवप्पा गेला त्याच दिवशी दुपारी पंचनामा झाला होता, आणि कारणाच्या रकान्यात हवालदारानं लिहिलं होतं, 'यंत्र आपोआप सरकल्याने'. खाली पंच म्हणून दोन सह्या होत्या, त्यातली एक बडेसाबांची. त्या दिवशी त्या शब्दाचे सगळ्यांवरच उपकार झाले. मागाचे मालक इंद्रजीत शेठ त्या शब्दापाठोपाठ खुर्चीत बसले. बिरुदेव आणि ईरप्पा घरी जाऊन झोपू शकले. आपोआप हा फार सोयीचा माणूस होता. त्याला घरदार नव्हतं, बायकापोरं नव्हती, त्याला चौकशीला बोलावता येत नव्हतं, आणि त्यानं कधी काही नाकबूल केलेलं नव्हतं.

बडेसाब घरी आले ते मॅडमच्या अक्षरातला कागद घेऊन. जेवायला बसण्याआधी त्यांनी कागदावरच्या एकेका ओळीवर काट मारली. वजन वाढलं का? नाही, मागावर कुणी चढलं नव्हतं. उतार वाढला का? ट्रक हलला नव्हता, फळ्या त्याच. कुणी धक्का दिला का? धक्का कोण देणार, सगळ्यांचे हात तर जोडलेले होते.

चौथ्या ओळीपाशी पेन थांबलं. टेकलंय तिथं काही बदललं.

त्या दिवशी इंद्रजीत शेठच्या शेडमधले चार माग भंगारात जायचे होते. भंगारात जाणारा का असेना, माग शेडबाहेर निघताना नारळ फोडायचा, ही रीत. शेडच्या उंबऱ्यावर माग टेकवायचा, पूजा करायची, नारळ उंबऱ्याच्या दगडावर फोडायचा आणि मग माग फळ्यांवर घ्यायचा. नारळ फोडायचा मान पाचरवाल्याचा. मान कसला, त्या वेळी पहारवाल्याचे हात पहारीवर असतात, दोरवाल्यांचे दोरावर, आणि रिकामे हात एकट्या पाचरवाल्याचे. म्हणून तीस वर्षं सोलापुरातल्या मागांना शेवटचा नारळ बडेसाब फोडत आले होते. एकदा एका नव्या मालकानं हे कसं काय, म्हणून विचारलं होतं. महादेवप्पा म्हणाला, "तुमचे हात रिकामे हायत का शेठ? मग फोडा तुमीच." मालकाच्या एका हातात मोबाइल होता आणि दुसऱ्यात चहा. पुढं त्यानं विचारलं नाही.

इंद्रजीत शेठना त्या दिवशी उशीर झाला. ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला. तासभर वाट बघून टोळीनं पहिला माग फळ्यांवर घेतला आणि निम्म्यावर चढवला, तेव्हा शेठची गाडी आत आली.

"थांबा थांबा. पूजा राह्यली."

"शेठ, आता वरती चढवूनच करू," महादेवप्पा म्हणाला.

"अरे हितंच भारी दिसतंय. निम्म्यावर. आजोबांचा माग हाय, मला व्हिडिओ पायजे."

बडेसाबांनी पाचर मारली. पायानं दाबून बघितली. एकदा, मग आणखी एकदा. माग बसला. त्यांनी नारळ घेतला आणि उंबऱ्याकडं वळले.

"चाचा, तिकडं कुटं? तो दगड व्हिडिओत येत न्हाय. मागावरच फोडा. हितं, बाजूच्या बिडावर."

बडेसाबांनी बिडावर, मागाच्या ओतीव लोखंडी अंगावर, फोडला. नारळ चांगला होता, पाणी पुष्कळ निघालं. बिडाच्या अंगावरून, मागाच्या पायावरून ते खाली गेलं. कुठं गेलं, ते त्यांनी बघितलं नाही.

"सगळे हात जोडा," शेठ मोबाइल धरून म्हणाले.

बिरुदेव आणि ईरप्पानं दोर सोडून हात जोडले. महादेवप्पानं पहार खाली ठेवली. त्याची एक सवय होती. माग निघाला, की तो त्याला कपाळ लावायचा आणि कानडीत 'होगि बा' म्हणायचा, म्हणजे जाऊन ये. भंगारात निघालेल्या मागालाही तो 'जाऊन ये'च म्हणायचा. एरवी हे उंबऱ्यावर व्हायचं, सपाट जमिनीवर. त्या दिवशी तो फळ्यांच्या खालच्या अंगाला उभा होता, आणि तिथूनच त्यानं कपाळ लावलं.

पुढचं झालंच नाही, असं आपण धरलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बडेसाब बाजारातून तीन नारळ घेऊन आले. उन्हानं गल्लीत चिटपाखरू नव्हतं. टोळीच्या फळ्या त्यांच्याच अंगणात असायच्या. त्यांनी एक फळी घराच्या पायरीवर तिरपी लावली, उतार दोरीनं मोजून तेवढाच केला, भंगारातलं बिडाचं एक जडशीळ चाक तिच्यावर आडवं ठेवलं आणि खाली पाचर मारली.

त्यांची बायको साबेरा दारात उभी राहून बघत होती. "नारळ कायकू लाए जी? आज क्या है?"

"परीक्षा है."

"तीन-तीन?"

"एकावर भरोसा नै रखना, तीन बार देखना, मॅडम बोली."

साबेरा खाली बसली. नवऱ्याचं दुःख एवढ्यात डोक्यात गेलं असेल असं तिला वाटलं नव्हतं, पण तिनं पदर सावरून तयारी ठेवली.

पहिला नारळ फोडला. पाणी चाकावरून पाचरीखाली गेलं. बडेसाब शंभरपर्यंत मोजत राहिले. चाक हललं नाही. त्यांनी दोनशेपर्यंत मोजलं. चाक जागचं हललं नाही. बडेसाब पायरीवर टेकले आणि म्हणाले, "चाय बना." महिनाभरात त्यांनी स्वतःहून काही मागितलं नव्हतं. साबेरा लगबगीनं आत गेली.

चहा अर्धा झाला तेव्हा त्यांचं लक्ष फळीकडं गेलं. फळी पांढरीस्वच्छ होती. कामावरची फळी अशी कधी नसते. वर्षानुवर्षं मागांचं तेल पिऊन ती काळी, गुळगुळीत झालेली असते. या फळ्या मार्चमध्ये साबेरानं सोडा टाकून, ब्रशनं घासून धुतल्या होत्या. का धुतल्या होत्या, ते दोघांनाही माहीत होतं आणि त्यावर घरात बोलणं झालं नव्हतं.

त्यांनी कप खाली ठेवला. मागाच्या तेलाची बाटली आणली, फळीला तेल चोळलं आणि फडक्यानं पुसून घेतलं, रोज पुसायचे तसं. चाक ठेवलं. पाचर मारली, पायानं दाबली. एकदा, आणखी एकदा. शंभर मोजले. बसलं होतं. मग दुसरा नारळ फोडला.

एकोणीसला चाक निघालं. पाचर सोबत घेऊन निघालं, आणि अंगण ओलांडून साबेराच्या, तुळशीच्या कुंडीएवढ्या, कोथिंबिरीच्या डब्याला जाऊन भिडलं.

"अब बस करो जी," साबेरा म्हणाली.

"तीन बोली मॅडम."

तिसऱ्याला चौदा.

चार दिवस त्यांच्या घरात सगळ्याच कालवणात खोबरं होतं.

बडेसाबांना खरं तर तिघांचे दोष दिसत होते. शेठचा उशीर, शेठचा व्हिडिओ, दोरवाल्यांचे जोडलेले हात. पण ते सगळं मॅडमच्या कागदावर बसत नव्हतं. दोर आधीही क्षणभर सैल व्हायचा, पाचर धरायची. पाचर धरणार नाही असं जर कुणी केलं असेल, तर ते ज्याची पाचर होती त्यानंच, आणि स्वतःच्या हातानं. ते बिरुदेवशी बोलले, तर बिरुदेव म्हणाला, "चाचा, मिटलंय ते. कागदावर आपोआप हाय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या की. उकरून कुनाचं भलं हाय?"

"मुक्तावैनीला सांगायला पायजे."

"तिला सांगून काय माणूस परत येनार हाय का?"

तरी ते मंगळवारी भवानी पेठेत गेले.

मुक्ताबाई ओट्यावर चादरींच्या दशा वळत होत्या. चादरीच्या टोकाचे सुटे धागे मांडीवर घासून पीळ घालायचा, गाठ मारायची, पुढचे घ्यायचे. कारखान्यातून पन्नास चादरी येत आणि वळून परत जात. महादेवप्पा असतानाही हेच चालायचं. बडेसाबांना बघून त्यांनी गठ्ठा बाजूला सारला.

"या. बसा. च्या टाकू?"

"नको वैनी. आधी ऐका."

बडेसाबांनी सगळं सांगितलं. डस्टर, चार कारणं, अंगणातले तीन नारळ, एकोणीस आणि चौदा. मध्ये थांबले नाहीत, कारण थांबलं तर पुन्हा सुरू होणार नाही याची त्यांना खात्री होती. मुक्ताबाईंचा हात वळतच राहिला. दोन दशा वळून झाल्या.

"म्हंजे नारळाच्या पान्यानं," त्या म्हणाल्या.

"व्हय. मी फोडलेल्या."

"त्याची अर्धी वाटी डब्याच्या पिशवीत आली होती. चपलांसंगट. कुनी घातली काय म्हाईत."

"बिरुदेवनं. पहारवाल्याचा वाटा म्हनून."

"चार दिवस तशीच पडून होती. मग चटनी केली मी." मुक्ताबाईंनी गाठ आवळली. "टाकायचं कसं? परसाद व्हता."

बडेसाब खाली मान घालून बसले. गल्लीतून गॅसच्या टाक्यांची गाडी खडखडत गेली.

"रागवा वैनी," शेवटी बडेसाब म्हणाले. "काय म्हनायचं ते म्हना. मी त्याच्यासाठीच आलोय."

"महिना झाला," मुक्ताबाई म्हणाल्या, "कुनावर रागवायचं तेच कळंना झालंय. देवावर रागावले, तर तेला काय फरक पडत न्हाय. ह्यांच्यावर रागावले. कपाळ कशाला लावाय गेला म्हनून फोटोला बोलले. पन फोटो ऐकून घेत न्हाय, नुसता हसतोय. ते हवालदार म्हनले आपोआप. आपोआपवर रागवून बघितलं मी. येत न्हाय."

"म्हनून म्हन्तोय."

मुक्ताबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. मग हातातली चादर खाली ठेवली, पदर खोचला, आणि म्हणाल्या, "तीस वर्सं तुमच्या भरवशावर सोडला होता की हो. सकाळी जाताना म्हनायचा, बडेसाब हाय, तू काळजी करू नको. कुना उपऱ्यानं घालवला असता तर म्हनले असते, गेला. तुमच्या डोळ्यांम्होरं? तुमच्या हातानं? येवढा मोठा दगड उंबऱ्याला घातलाय मानसांनी, तेवढा एक नारळ तितं फोडता येत न्हवता? शेठला 'न्हाय' म्हनायला काय जीभ झडली व्हती तुमची?"

"झडली व्हती."

"मग आता कशाला वळवळतीय?"

मुक्ताबाईंनी आणखी काही बोलायला तोंड उघडलं, आणि हवा निघून गेल्यासारख्या त्या थांबल्या.

"पन कागदावर तर आपोआपच लिवलंय," त्या म्हणाल्या. "सरकारी शिक्क्याचं. मंग तुमी म्हन्ता ते खरं कशावरनं? उगं माझं समाधान व्हावं म्हनून आला असाल. तुमचा सभाव मला ठावं हाय."

"खरं हाय वैनी. तिनदा बघितलं."

"कागदावर न्हाय." त्यांनी चादर परत मांडीवर घेतली. "जावा आता. उद्या पन्नास द्यायच्यात."

पुढच्या मंगळवारी बडेसाब परत गेले. त्याच्या पुढच्याही. ते ओट्यावर बसायचे, मुक्ताबाई त्यांना बोलायच्या. दुसऱ्या वेळी चांगल्या पाच मिनिटं बोलल्या, त्यात बडेसाबांचा बाप, त्यांची पाचर आणि बाभळीचं झाड एवढं सगळं आलं. शेजारणी दारात येऊन ऐकू लागल्या. पण दर वेळी निम्म्यावर आल्यावर त्यांना तो कागद आठवायचा आणि त्या थांबायच्या. राग पुढं सरकायचा नाही आणि मागंही यायचा नाही. मग चहा व्हायचा. चहा पिताना मुक्ताबाईंची नजर समोरच्या भिंतीवर असायची, आणि बडेसाबांना वाटायचं, याच्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

चौथ्या मंगळवारी ते मुक्ताबाईंकडं न जाता पोलीस ठाण्यात गेले.

"कारण बदलायचंय," त्यांनी टेबलामागच्या हवालदाराला सांगितलं.

"कुठल्या केसमध्ये? आरोपी कोण?"

"मी."

हवालदारानं रजिस्टर उघडलं, वर-खाली बघितलं. "याच्यात आरोपी नाही. फाइल बंद आहे. कोणाची तक्रार आहे का तुमच्यावर?"

"न्हाय."

"मयताच्या घरच्यांची?"

"तिची बी न्हाय. तिला राग येत न्हाय न्हवं पुरता. त्याच्यासाठीच तर."

हवालदारानं पेन कानावर ठेवलं. त्याच्या बावीस वर्षांच्या नोकरीत माणसं नाव काढून घ्यायला आली होती, खूप आली होती. "चाचा, तुम्हीच पंच. तुमचीच सही. तुम्हीच आपोआप म्हणालात."

"मी न्हाय, तुमी म्हनलात. मी सही केली."

"मग सही करताना वाचलं नाही का?"

"वाचलं. बरं वाटलं व्हतं."

हवालदारानं खणातून एक कोरा कागद काढून पुढं सरकवला. "अर्ज द्या. आवक नंबर टाकतो. पुढचं माझ्या हातात नाही."

बडेसाबांनी बाहेर बाकावर बसून अर्ज लिहिला. अर्ज कसा लिहायचा याचा नमुना भिंतीवर लावलेला होता, हरवलेल्या मोबाइलचा. त्यांनी तोच समोर धरला.

प्रति,
मा. ठाणे प्रमुख साहेब यांचे सेवेशी.

विषय : पंचनाम्यातील कारण बदलून मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मी बडेसाब, धंदा पाचर मारणे, राहणार सोलापूर. माझे सहकारी महादेवप्पा हे मार्च महिन्यात मयत झाले. सदर पंचनाम्यात कारण 'यंत्र आपोआप सरकल्याने' असे नमूद आहे. वर्गात चौकशी केली असता, आपोआप काहीही सरकत नाही असे समजले. घरी तीन वेळा करून पाहिले, पैकी दोन वेळा सरकले, पहिल्या वेळी फळी धुतलेली होती.

तरी सदर रकान्यातील 'आपोआप' हा शब्द खोडून त्या जागी माझे नाव लिहावे. मला शिक्षा देणे न देणे हे साहेबांचे मर्जीवर आहे, त्याबाबत माझी काही मागणी नाही. परंतु मयताच्या पत्नी मुक्ताबाई यांस माझेवर रागावण्याचे काम चालू असून, कागदावर वेगळे कारण असल्यामुळे ते दर वेळी अर्धवट राहते. कारणात बदल केल्यास काम पूर्ण होईल.

दुरुस्त पंचनाम्याची एक प्रत, शिक्क्यासह, मुक्ताबाई यांचे राहते घरी मंगळवारच्या आत पोहोच करण्यात यावी, ही विनंती.